ठोकळ्यांच्या गाड्या

माझ्या नेमणुकीच्या पत्रावर 'व्यवसायोपचार तज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं. एकतीस वर्षांत हा शब्द पहिल्या झटक्यात कुणाला कळल्याचं मला आठवत नाही. अमरावतीला घर भाड्याने घ्यायला गेले, तर मालकांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही बेरोजगारांना धंदा लावून देता का?" ज्या धर्मादाय दवाखान्यात मी अकोल्याला नोकरी केली, तिथल्या लोकांना तरी कळावं? तेही नाही. आमचे लॅबवाले म्हणायचे, "मॅडमचं बरं आहे. पोट्ट्यांसंगं गाडी-गाडी खेळाचं अन् घरी जाचं."

सोपं करून सांगते. फिजिओथेरपीवाले माणसाला चालतं करतात. चालत जाऊन जे करायचं असतं ते आम्ही करवून घेतो. शर्टाचं बटण लावणं, भाकरी मोडणं, बँकेत सही करणं, स्वतःची वेणी स्वतः घालणं. जळलेला, कापलेला, लुळा पडलेला हात पुन्हा कामाला लावायचा, आणि लागतच नसेल तर त्याच्याशिवाय काम कसं भागेल ते बघायचं. लहान मुलाचं काम म्हणजे खेळ. म्हणून माझ्या खोलीत मातीचे गोळे, मणी, खुंट्या बसवायच्या भोकांच्या पाट्या, आणि एका कोपऱ्यात जुना टीव्ही आणि त्याला जोडलेला व्हिडिओ गेम होता.

तो गेम एका डॉक्टरांच्या मुलाचा. तो शिकायला बाहेरगावी गेला आणि त्याची आई पिशवीत घालून सगळं आणून देऊन गेली. पिशवीत नऊ डिस्क होत्या, आठांवर ओरखडे. एकच चालली. त्यामुळे अकरा वर्षं माझ्या खोलीत एकच गेम चालला, आणि तो मला पोथीसारखा पाठ झाला.

ठोकळे जोडून वस्तू बनवायचं जे खेळणं असतं ना, त्याच ठोकळ्यांच्या गाड्यांची ती शर्यत होती. आधी पडद्यावर आपली गाडी बनवायची. एक एक ठोकळा उचलायचा, फिरवायचा, बसवायचा. चाकं कुठली, रंग कुठला, चालवणाऱ्या बाहुल्याच्या डोक्यावर टोपी की केस, सगळं आपण ठरवायचं. मग शर्यत. हातातल्या रिमोटवर उजव्या अंगठ्याने वेग, डाव्या अंगठ्याने वळण. गाडी भिंतीवर आदळली की ठोकळे सगळीकडे उडायचे, आणि पुढच्या क्षणी आपोआप जुळून गाडी पुन्हा उभी. मुलांना त्या आपटण्याचंच जास्त वेड. मला मात्र त्यांचे अंगठे दिसायचे. ज्या मुलाने मातीचा गोळा दहा वेळा दाबायला नकार दिला, त्याचा अंगठा इथे दोनशे वेळा हलायचा.

काजल नावाची एक नऊ वर्षांची मुलगी होती. उकळतं तेल हातावर सांडलं होतं. जखम भरली, पण कातडी आखडून मूठ मिटली ती मिटलीच. तिच्यासोबत तिचा आजा यायचा. धोतर, पांढरी टोपी, आणि आवाज असा की शेजारच्या एक्स-रे खोलीतले लोक दचकायचे.

"मॅडम, पोट्टी दवाखान्यात आनली का जत्रेत? हे काय लावलं तुमी?"

"आजोबा, हा तिचा व्यायाम आहे."

"असा व्यायाम असते काय?"

चौथ्या खेपेला मी चिठ्ठी लिहून वळले, तर काजल रडकुंडीला आली होती आणि रिमोट आजोबांच्या हातात होता. त्यांची गाडी उलट्या दिशेने चालली होती. "याले बिरेक कुठं आहे व?" ते काजलला विचारत होते. काजलने त्यांच्या हातातून रिमोट ओढला तेव्हा तिची चारही बोटं उघडली होती. एवढं मला पुष्कळ होतं. पुढे तिचं ऑपरेशन झालं, बोटं बऱ्यापैकी सरळ झाली. ती आता शिवणकाम करते असं मी ऐकलं. माझ्या धंद्यातली अशी गोष्ट सांगायला मला आवडतं आणि लोकांनाही ऐकायला आवडतं. पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा मनात काजल नव्हती. मनात पातूरचे दोघं भाऊ होते. आजवर त्यांच्याबद्दल मी घरात नवऱ्यालाही सगळं सांगितलेलं नाही.

थोरला अनिकेत. पहिल्यांदा आला तेव्हा बारा वर्षांचा, नुकताच चाकाच्या खुर्चीत बसलेला. धाकटा सम्यक, सहा वर्षांचा, पायाच्या चवड्यांवर डुलत डुलत चालणारा. वडील मिलिंद सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आई संगीताताई. दोन्ही मुलांना एकच आजार. त्यात अंगातले स्नायू हळूहळू विरत जातात. आधी पाय, मग खांदे, मग हात, आणि शेवटी श्वास. हा आजार आईकडून मुलग्यांकडे येतो. आईला स्वतःला काही होत नाही. अनिकेत सात वर्षांचा असताना निदान झालं, तेव्हा सम्यक पाळण्यात होता. या आजारावर बरं करणारं औषध मी नोकरीत असेपर्यंत तरी माझ्या हाताला लागलं नाही. आमचं काम होतं ते एवढंच, की जे जातंय ते थोडं उशिरा जावं.

दर दुसऱ्या शनिवारी ते एसटीने यायचे. सर अनिकेतला पाठुंगळी घेऊन फाट्यापासून चालत यायचे. मी दोघांचे स्नायू ताणायची, हातापायांना पट्ट्या बांधायची, आणि मग अर्धा तास गेम. टीव्हीचा पडदा मधून दुभागायचा. वर अनिकेतची गाडी, खाली सम्यकची.

दोघांची गाडी बनवायची तऱ्हा वेगळी. सम्यक हाताला येईल तो ठोकळा ठोकायचा, "झाली, चाला" म्हणायचा आणि पहिल्याच वळणावर भिंतीवर आपटून खदखदा हसायचा. अनिकेतची वीस मिनिटं नुसते ठोकळे निवडण्यात जायचे. "मॅडम, वजन मागं ठेवलं का वळताना पलटी नाही होत," तो मला शिकवायचा. गेममध्ये वजनाचा असा काही हिशेब होता की नाही कुणास ठाऊक. पण जिंकायचा तोच. त्याला गाड्यांचा इंजिनिअर व्हायचं होतं. ते तो माझ्याशी बोलायचा, घरी बोलायचा नाही.

संगीताताई सहसा बाहेर बाकावर बसायच्या. एकदा आत येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. सम्यकची गाडी फुटली, उडाली, जुळली.

"हे बरं आहे मॅडम," त्या म्हणाल्या. "फुटते अन् आपोआपच जुळते." आणि बाहेर निघून गेल्या.

दोन वर्षं असं चाललं. मग एका शनिवारी माझ्या लक्षात आलं की अनिकेत वळण घेताना सगळं अंग वाकवतोय. अंगठा पुरत नव्हता, म्हणून तो खांदा लावत होता. मी ते फक्त फाइलमध्ये लिहिलं. त्या दिवशी सम्यक पहिल्यांदा जिंकला.

"दादाले हरवलं! बाबा, मी दादाले हरवलं!" तो टाळ्या पिटत होता. सरांनीही टाळ्या वाजवल्या. अनिकेत हसला. पुढच्या खेपेला सम्यक पुन्हा जिंकला. त्याच्या पुढच्या खेपेला तीनदा जिंकला. तिसऱ्या वेळी तो ओरडला नाही. दादाच्या हाताकडे बघत बसला.

त्यानंतर सम्यकची गाडी आपटायला लागली. आधीही आपटायची, पण आता शेवटच्या वळणावर, पुढे असताना आपटायची. मला वाटलं लहान आहे, घाई करतो. अनिकेतला बरोबर समजलं. त्याने रिमोट मांडीवर टाकला.

"सम्या, मले भीक नको देऊ."

"मी काय केलं?"

"तू मुद्दाम ठोकली. मले दिसत नाही काय?"

"नाई ठोकली!"

"मंग काहून रडून राहिला?"

सम्यक आठ वर्षांचा होता. तो पळून जायला उठला आणि दारातच गुडघ्यावर बसला. उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर आला. या आजारातली मुलं अशीच उठतात. अनिकेतने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी शकीलभाईंकडे गेले. बाजारात त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दोन हात रुंदीचं दुकान. मी रिमोट समोर ठेवला आणि सांगितलं, "याचं बटण असं करून द्या की नुसतं बोट टेकलं तरी दबलं पाहिजे."

"किसके लिये?"

मी सांगितलं. त्यांनी अवघड काम म्हणून मान हलवली, पण रिमोट ठेवून घेतला. जुन्या संगणकाच्या माउसमधली टिचकीची बटणं काढून त्यांनी ती वायरीने रिमोटला जोडली. ही बटणं फार हलकी असतात, सुपारी ठेवली तरी दबतील. डाव्या-उजव्या वळणाला दोन, आणि वेग आपोआप चालू राहील अशी सोय. एका लाकडी पाटीवर सगळं बसवून दिलं. "बच्चे को बोलना, जीतना है," एवढंच म्हणाले.

आणि तो जिंकला. त्या शनिवारी अनिकेतने सलग चार शर्यती जिंकल्या. सम्यक खरोखरीचा, मनापासून हरला आणि खरोखरीचा चिडला. "दादाची पाटी लबाड आहे!" संगीताताई दारात उभ्या राहून हसत होत्या. नोकरीतला इतका आनंदाचा दिवस मला दुसरा आठवत नाही. मी दवाखान्यात मिरवले. लॅबवाल्यांना ती पाटी नेऊन दाखवली.

त्याच शनिवारी सगळे निघायच्या वेळी मी सम्यकच्या पायाची पट्टी बांधत होते. सर अनिकेतला घेऊन पुढे गेले होते, संगीताताई नोंदणीच्या खिडकीवर कागद करत होत्या. सम्यकने मला हळूच विचारलं,

"मॅडम, मी बी दादासारखा होऊन राहिलो काय?"

याचं उत्तर मला माहीत होतं. ते एका वाक्याचं होतं. पण त्या दिवशी मी फार खुशीत होते. आणि आठ वर्षांचं मूल डोळ्यांत बघत होतं.

"तुझं वेगळं आहे रे," मी म्हणाले. "तू रोज व्यायाम केलास ना, तर तुझं वेगळं होईल."

मला म्हणायचे होते ते मी शिकवलेले, पाय ताणायचे हलके व्यायाम. पण हे मी आज म्हणते. तेव्हा मला फक्त त्याच्या नजरेतून सुटायचं होतं.

या आजारात जास्त व्यायाम घातक असतो. निरोगी माणसाचा स्नायू कामाने बळकट होतो, या मुलांचा फाटतो. जिने चढणं-उतरणं तर सगळ्यात वाईट. हे मी दर नव्या आई-बापांना कागदावर लिहून द्यायची. सम्यकला कागद कुणी दिला नव्हता. त्याला माझा शब्द दिलेला होता.

पुढचे चार महिने तो मधल्या सुट्टीत शाळेचा जिना चढत-उतरत होता. कठड्याला धरून वर, कठड्याला धरून खाली, घंटा होईपर्यंत. शिपायाला वाटायचं बाईंनी शिक्षा केली, बाईंना वाटायचं पोरगं जिद्दीचं आहे. रात्री त्याच्या पोटऱ्या ठणकायच्या. संगीताताई तेल लावायच्या, "काय केलं रे आज?" विचारायच्या, आणि तो "काईच नाई" म्हणायचा. माझ्याकडे आला की विचारायचा, "मॅडम, माह्ये पाय पहा, फरक आहे काय?" मी म्हणायची, "छान आहेत."

मग एका दुपारी तो जिन्यावरून पडला. मांडीचं हाड मोडलं.

साध्या मुलाचं हाड दीड-दोन महिन्यांत जुळतं आणि ते पळायला लागतं. या मुलांचं हाड जुळतं, पण तेवढ्या झोपून राहण्यात उरलेला जोर निघून जातो. सम्यक पुन्हा चालला नाही. एरवी त्याला आणखी एक-दोन वर्षं मिळाली असती. हिशेब लावायचा तर तेवढाच आहे.

अकोल्याच्या ज्या दवाखान्यात त्याला ठेवलं होतं तिथे मी भेटायला गेले. मी खाटेजवळ पोचले तेव्हा संगीताताई त्याला विचारत होत्या, "पन जिन्यावर काहून जात होता तू? कोनं सांगतलं तुले?"

सम्यकने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मॅडमनं," तो म्हणाला. "रोज व्यायाम केला तर मी दादासारखा नाही होनार. हो ना मॅडम?"

संगीताताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही तरी बोलायला लागले, ताणायचे व्यायाम, माझ्या बोलण्याचा अर्थ, असं काही. त्यांनी हात वर केला. "राहू द्या," म्हणाल्या. सरांनी मला दारापर्यंत सोडलं. "तुमचा उद्देश वाईट नव्हता," ते म्हणाले. शिक्षक माणूस. ते तसं बोलले नसते तर मला सोपं गेलं असतं.

मी राजीनामा लिहिला होता. दिला नाही. द्यायला हवा होता का, तेही अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या जागी दुसरं कुणी यायला तयार नव्हतं, हे कारण खरं होतं आणि सोयीचंही होतं.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले. आता दोन खुर्च्या. सरांना दोघांना आणता येईना, म्हणून रिक्षा ठरवून आले. अनिकेत पंधरा वर्षांचा झाला होता. त्याने मला हाक मारली.

"मॅडम, तुमी जरा बाहेर जा. मले सम्याशी बोलाचं आहे."

"काय बोलायचं आहे?"

"जे तुमी नाई सांगतलं ते."

मी दार लोटून बाहेर उभी राहिले. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

"सम्या, तू पडला म्हनून नाई झालं हे," अनिकेत म्हणत होता. "जिना चढला असता तरी अन् नसता चढला तरी, खुर्ची येनारच होती. मले बी आली ना? मी तं कुठं पडलो होतो?"

"मॅडम तं म्हने..."

"मॅडमले तुहा चेहरा पाहून खरं बोलता नाई आलं. मले बी कोनी नाई सांगतलं होतं. तू मले हरवाले लागला, तवा मले समजलं."

मग सम्यकचा आवाज. "मंग किती दिवस?"

"मले काय माहीत? मले माह्यंच नाई माहीत." आणि मग, "चाल, गाडी बनव. ठोकळे पाहून लाव जरा."

पंधरा वर्षांच्या मुलाने माझं काम केलं. तेही माझा दोष पदराआड घेऊन. कारण तो जिना आणि ते हाड यांचा संबंध नव्हता असं नाही, आणि हे त्याला कळत नव्हतं असंही नाही.

अनिकेत आणखी तीन वर्षं होता. अंगठ्यानंतर मधलं बोट गेलं, मग आम्ही ते बटण करंगळीखाली सरकवलं. शेवटच्या वर्षी तो नुसता ठोकळे सांगायचा, "तो लाल नाई, त्याच्या बाजूचा," आणि सम्यक बसवायचा. थंडीत छातीत कफ झाला, खोकून काढायची ताकद नव्हती. पाच दिवसांत संपलं. मी पातूरला गेले होते. संगीताताई माझ्याशी बोलल्या नाहीत आणि मी त्याची वाटही बघितली नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी त्या सम्यकला घेऊन आल्या. मी खुर्ची आत घेतली, सम्यकचे पाय हातात घेतले. त्या पहिल्यांदाच बाहेर गेल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक सांगून ठेवतो," त्या म्हणाल्या. "मी तुमाले माफ नाई केलं. पन अकोल्यात हे काम करनारं दुसरं कोनी नाई. म्हनून येतो."

मी मान हलवली. सम्यक टीव्हीकडे बघत होता. त्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि आम्ही अमरावतीला परत गेलो. निरोप समारंभात लॅबवाले माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. माझी जागा अजून भरलेली नाही. दोन महिन्यांनी संगीताताईंचा फोन आला. "तुमच्या खोलीले कुलूप आहे जी," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी अमरावतीहून पातूरला जाते. गेम, टीव्ही, पाटी, सगळं तिथे नेऊन दिलंय. दवाखान्याने ते भंगारात काढलं होतं.

सम्यक चौदा वर्षांचा आहे. मागच्या खेपेला त्याने गाडी बनवायला घेतली आणि मध्येच थांबला. अंगठा वर उचलून बघितला, एखादी परकी वस्तू बघावी तसा. संगीताताई आत भाकरी थापत होत्या.

"मॅडम, पुढच्या दिवाळीले हा चालंल काय?"

"नाही," मी म्हणाले. "बहुतेक नाही चालणार."

"बरं," तो म्हणाला.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने तो पुन्हा सुरू झाला.